लावलेली रोपे आणि जगलेली झाडे

(सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त अकलूज येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



संस्थेच्या पन्नासाव्या वर्षानिमित्त पन्नास वृक्ष लावण्याचा संकल्प विश्वस्तांनी सोडला आहे आणि त्या निमित्ताने वृक्षांविषयी दोन शब्द सांगावेत, अशी आज्ञा मला केली आहे. संकल्प स्तुत्य आहे. तो सिद्धीस कसा जाईल, याचा विचार आज आपण निसर्गाकडे पाहून करू या.

‘झाडे लावा, झाडे जगवा’ ही घोषणा शाळांच्या भिंतींवर आपण वर्षानुवर्षे वाचीत आलो आहोत. तिचे दोन भाग आहेत. पहिल्या भागाचा उत्सव होतो, छायाचित्रे निघतात, आकडे जाहीर होतात. आपल्या राज्यात २०१६ साली १ जुलै रोजी दोन कोटी, २०१७ साली चार कोटी, २०१८ साली तेरा कोटी आणि २०१९ साली तेहेतीस कोटी रोपे लावण्याचे लक्ष्य ठरविले गेले. लावलेल्या रोपांची संख्या त्याच दिवशी मोजता येते. जगलेल्या झाडांची संख्या मोजण्यास मात्र काही उन्हाळे जावे लागतात, आणि तोवर मोजणाराही बहुधा बदललेला असतो. रान तयार होते ते घोषणेच्या दुसऱ्या भागातून. कोणत्या जागी कोणते रान असावे, हे तेथे कोणती रोपे लहानपणी तगली यावरून ठरते. आजच्या विवेचनाचा गाभा एवढाच आहे.

प्रथम एक साधा हिशेब मांडू. आपल्या समाजात हिशेबाचे वावडे कोणाला नाही. जांभळाचा एक मोठा वृक्ष प्रत्येक हंगामात हजारो फळे देतो. त्याचे आयुष्य शंभर वर्षांचे धरले, तर त्याच्या बियांची गणना लाखांच्या घरात जाते. आता ते रान आहे तसेच राहावयाचे असेल, तर या लाखो बियांमधून सरासरी किती रोपांनी मोठे होऊन फळास यावयास हवे? केवळ एका. दोन रोपे मोठी झाली, तर त्या रानात जांभूळ वाढत जाईल. एकही झाले नाही, तर आजची भव्य झाडे उभी असतानाच तेथून जांभळाची गच्छंती ठरलेली असेल. बाकीच्या बिया किडीने खाल्ल्या, उंदरांनी कुरतडल्या, वाळल्या वा कुजल्या. उगवली ती रोपे सावलीने, उन्हाने, शेळीने, वणव्याने नेली. ही चाळण अत्यंत बारीक आहे, आणि तिची छिद्रे प्रत्येक ठिकाणी निराळी आहेत. एका ठिकाणी सावली चाळते, दुसऱ्या ठिकाणी उन्हाळा चाळतो, तिसऱ्या ठिकाणी गुरांचे तोंड चाळते. म्हणून बिया सर्वत्र पडल्या तरी रान सर्वत्र एकसारखे होत नाही.

याचे प्रत्यक्ष उदाहरण पाहण्यास आपल्याला दूर जावयास नको. आपली नीरा नदी आहे. भोर तालुक्यातील सह्याद्रीच्या डोंगरांत ती उगम पावते, भोर, वीर असे करीत पूर्वेस वाहते, अकलूजला आपल्या दारावरून जाते आणि पुढे नीरा-नरसिंगपूरजवळ भीमेस मिळते. या एकाच नदीच्या वाटेवर पावसाचे मान कमालीचे बदलते. उगमाकडील घाटमाथ्यावर पाऊस काही हजार मिलिमीटर पडतो. त्याच रांगेतील महाबळेश्वरची सरासरी साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक आहे. आपल्या माळशिरस तालुक्यात मात्र तो पाचशेच्या आसपास, आणि तोही लहरी. या प्रवासात रोपांच्या नशिबी काय येते, ते क्रमाने पाहू.

घाटमाथ्यावरील जे जुने रान अद्याप टिकून आहे, ते अंजनी, जांभूळ, पिसा अशा सदाहरित झाडांचे आहे. तेथे रोपास पाण्याची चिंता पावसाळ्यात नसते. त्याची खरी ददात उजेडाची असते. वर पानांचे छत इतके दाट, की जमिनीवर अंधुक प्रकाश तेवढा पोहोचतो. अशा ठिकाणी दोन प्रकारची रोपे आढळतात. काही सावलीत तग धरणारी, वर्षानुवर्षे हातभर उंचीवर थांबून राहणारी. एखादा वृद्ध वृक्ष वादळात कोसळला, छताला खिंडार पडले, की तीच रोपे भरभर वर चढून त्याची जागा घेतात. दुसरी चांदाड्यासारखी, उजेडाची भुकेली. ती मोकळ्या जागेत झपाट्याने वाढतात, परंतु दाट सावलीत त्यांचा टिकाव लागत नाही. त्यामुळे ज्या रानात कुऱ्हाड वारंवार चालते, तेथे उजेडाची झाडे वाढतात. जेथे ती चालत नाही, तेथे सावलीत वाढणाऱ्यांचे राज्य येते. आपल्या पूर्वजांनी देवाच्या नावाने राखलेल्या देवराया हे या दुसऱ्या प्रकारचे उत्तम उदाहरण होय. डॉ. माधव गाडगीळ आणि डॉ. वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात पश्चिम महाराष्ट्रातील देवरायांचा अभ्यास करून त्यांचे मोल जगापुढे मांडले. देवराईत मोठी झाडे राखली जातात, हे आपण सारे जाणतो. मोठ्या झाडांखालची सावली आणि ओल राखली जाते, म्हणजेच पुढील पिढीचा पाळणा राखला जातो, हे तितकेच महत्त्वाचे आहे.

जांभळाच्या बीचा एक स्वभाव येथे सांगण्याजोगा आहे. ते बी वाळले की मरते. फळ पिकते तेच मुळी पावसाच्या तोंडावर, आणि बी थोड्याच दिवसांत ओल्या मातीस लागले तर उगवते. ज्याला वाट पाहता येत नाही, असे हे बी आहे. याउलट आपल्या बाभळीचे बी कठीण कवचाचे. ते कित्येक वर्षे मातीत पडून राहू शकते. शेळ्या-मेंढ्यांनी शेंगा खाल्ल्या, बी त्यांच्या पोटातून गेले, की कवच मऊ होऊन ते अधिक चांगले उगवते. म्हणूनच जाणते लोक बाभळीचे बी मेंढवाड्यातून गोळा करीत. ओल्या प्रदेशाचे झाड आणि कोरड्या प्रदेशाचे झाड यांच्या स्वभावातील भेद असा बीपासूनच सुरू होतो.

घाट उतरून पूर्वेस आले की पाऊस घटत जातो आणि पानझडी रान लागते : ऐन, धावडा, साग, पळस, टेंभुर्णी. येथे उजेड भरपूर, परंतु पावसानंतर सात-आठ महिने जमीन कोरडी. येथील रोपांची रीत पाहून मन थक्क होते. सागाचे रोप पहिल्या पावसात उगवते आणि आपली कमाई जमिनीखाली, गाजरासारख्या जाड मुळात साठवते. उन्हाळ्यात वरचा शेंडा वाळून जातो. पाहणाऱ्यास वाटते, रोप मेले. पुढच्या पावसाळ्यात त्याच मुळातून नवा कोंब येतो. तोही वाळतो किंवा वणव्यात जळतो. पुन्हा कोंब. असे कित्येक वर्षे चालते. मूळ मात्र दर वर्षी बळावत जाते आणि एका वर्षी असा जोमदार कोंब फुटतो, की तो वणव्याच्या ज्वाळांवर आणि गुरांच्या तोंडावर निघून जातो. आर. एस. ट्रूप या वनाधिकाऱ्यांनी १९२१ साली भारतीय वृक्षांच्या संगोपनावर तीन खंडांचा ग्रंथ लिहिला. त्यात अशा अनेक झाडांच्या बाल्यावस्थेची बारकाईने नोंद आहे. वनखाते सागाची लागवड ‘स्टंप’ लावून करते, त्यामागेही हेच तत्त्व आहे. रोपाचा शेंडा छाटून टाकतात आणि मूळ तेवढे लावतात. कोरड्या रानात रोपाची संपत्ती वर दिसत नाही, ती भूमिगत असते.

धावड्याची कथा आणखी निराळी. त्याच्या बहुतेक बिया पोकळ निघतात, उगवण फार थोडी होते. तरीही कोरड्या डोंगरउतारांवर धावडा विपुल असतो. कारण मुळांतून आणि तोडलेल्या खोडांतून तो पुन्हा फुटतो आणि चांगल्या पावसाच्या एखाद्या वर्षी त्याची रोपे एकदम दिसू लागतात. बियांची संख्या पाहून या झाडाचे भवितव्य कोणी वर्तविले असते, तर ते साफ चुकले असते.

अशा पानझडी रानाचा दीर्घकाळ चाललेला अभ्यास आपल्या देशात झाला आहे. तमिळनाडूतील मुदुमलाईच्या अरण्यात बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या डॉ. रामन सुकुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८-८९ साली पन्नास हेक्टरांचा एक तुकडा आखला. त्यातील एक सेंटिमीटरहून अधिक जाडीच्या प्रत्येक खोडास क्रमांक दिला. साग, ऐन, धावडा ही आपल्या ओळखीची मंडळी तेथेही आहेत. कोणते झाड मेले, कोणते नवे आले, याची दर वर्षी नोंद होते. झाडांची जणू खानेसुमारीच. तीतून दिसले ते असे : वणव्याच्या वर्षी बारीक खोडांचे मरण एकदम वाढते, मोठी झाडे बहुधा तगून जातात. दुष्काळाचा परिणाम तर त्याच वर्षी दिसेल असेही नाही, तो दोन-तीन वर्षांनी मृत्यूच्या आकड्यांत उमटतो. म्हणजे वरून रान हिरवेगार दिसत असताना त्याची पुढील पिढी नाहीशी होत असू शकते. ज्या गावात घरे चिरेबंदी आहेत परंतु मुले दिसत नाहीत, त्या गावाचे पुढे काय होणार, हे सांगण्यास ज्योतिषी लागत नाही. रानाचेही तसेच आहे.

या चाळणीत एक जागतिक नियमही आढळला आहे. १९७० साली डॅनिएल जॅन्झन आणि १९७१ साली जोसेफ कॉनेल या शास्त्रज्ञांनी स्वतंत्रपणे असे मांडले, की मातृवृक्षाच्या अगदी पायथ्याशी पडलेल्या बिया आणि रोपे अधिक मरतात. कारण त्या जातीची कीड आणि रोग तेथे आधीच वस्तीला असतात. दूर गेलेल्या बीला जगण्याची संधी अधिक. त्यामुळे एका जातीच्या झाडाशेजारी दुसऱ्या जातीला जागा मिळते आणि रान नानाविध राहते. बी दूर नेण्याचे काम बुलबुल, कोकीळ, वटवाघूळ, कोल्हा हे करतात. पक्षी नाहीसे झाले, की काही वर्षांनी रानाचे रूपही पालटते, ते यामुळे.

मनुष्याचा हातही या चाळणीत आहे. घाणेरी आणि रानमोडी या बाहेरून आलेल्या झुडपांनी कित्येक रानांची जमीन व्यापली असून त्यांच्या गर्दीत देशी रोपांस उजेड मिळत नाही. जुन्नर-भीमाशंकर भागात बाळहिरडा, म्हणजे हिरड्याचे कोवळे फळ, गोळा केला जातो. गरीब आदिवासी कुटुंबांचा तो मोठा आधार आहे, त्यास दोष देण्याचा अधिकार आपल्याला नाही. परंतु कोवळे फळ उतरले की त्यात बी तयार होत नाही, म्हणून काही झाडांची फळे पिकण्यासाठी राखणे हे त्याच कुटुंबांच्या नातवंडांच्या हिताचे आहे.

येथे मला आपल्या मंदिरांतून चित्ररूपाने दिसणाऱ्या लेश्यावृक्षाची आठवण होते. सहा भुकेले प्रवासी जांभळाच्या झाडाखाली येतात. एक म्हणतो मुळापासून तोडू, दुसरा फांद्या, तिसरा डहाळ्या, असे करीत सहावा म्हणतो, खाली पडलेली फळेच पुरेशी आहेत. परिणामांच्या शुद्धतेची ही चढती पायरी आपण बालपणापासून जाणतो. वनस्पतिशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मी त्या सहाव्या प्रवाशास एवढीच विनंती करीन, की फळ खाल्ल्यावर बी टाकताना त्याने जागा पाहावी.

आता आपल्या अकलूजकडे येऊ. आपल्याकडील मूळ झाडोरा बाभूळ, हिवर, बोर, कडुनिंब, हिंगणबेट, नेपती असा काटेरी आणि काटक आहे. येथील रोपाला पाण्याआधी मूळ हवे. पहिल्या पावसाळ्यात मूळ जितके खोल जाईल, तितकी चैत्र-वैशाखात त्याच्या जगण्याची शाश्वती. कडुनिंबाचे बी काही आठवड्यांतच निकामी होते, तरीही बांधांवर, कुंपणांत त्याची रोपे आपोआप येतात. पक्षी निंबोळी खाऊन बोरीच्या किंवा बाभळीच्या जाळीवर बसतात, बी खाली पडते आणि काट्यांच्या आडोशाने रोपटे शेळीपासून वाचते. ज्या जाळीला आपण निरुपयोगी म्हणून साफ करतो, ती कडुनिंबाची दाई असते. चंदनाचे रोप तर शेजारच्या झाडाच्या मुळांतून अन्न घेतल्यावाचून नीट वाढतच नाही. त्याला एकट्याला मोकळ्या खड्ड्यात लावणे म्हणजे तान्ह्या मुलाला आईविना ठेवणे होय.

शिवाय अकलूजच्या परिसरातही जागा एक नाही, किमान चार प्रकारच्या आहेत. नदीकाठची ओली गाळाची जमीन करंज, जांभूळ, उंबर, अर्जुन यांना मानवते. कालव्याच्या भिजवणीखालची खोल काळी जमीन चिंच, आंबा, कडुनिंब यांना चालते. मात्र याच भिजवणीत जेथे अतिपाण्याने जमीन चोपण-खारवट झाली आहे, तेथे आंब्याचे रोप जगणे कठीण. तेथे करंजासारखे सोशीक झाडच टिकते. चौथी जागा मुरमाड माळरानाची. तेथे माती वीतभर. अशा ठिकाणी बोर, हिवर यांना वाव आहे, परंतु जेथे पवन्या, कुसळी असे गवत पूर्वापार नांदत आहे, तेथे झाडे लावूच नयेत असे मी आग्रहाने म्हणेन. माळरान हे उजाड झालेले जंगल नव्हे. आपल्या जिल्ह्यातील नान्नजचे माळढोक अभयारण्य १९७९ साली घोषित झाले, ते गवताळ माळासाठीच. आज तेथे माळढोकाचे दर्शन अत्यंत दुर्मिळ झाले आहे, परंतु काळवीट आणि लांडगा यांचे घर तोच माळ आहे. एका जिवाला सावली देण्यासाठी दुसऱ्याचे घर मोडणे, हे आपल्या विचारात बसणारे नाही.

ऋतूचेही तसेच. वृक्षारोपणाचे कार्यक्रम बहुधा जुलैच्या आरंभी होतात. घाटाकडे ते योग्यच आहे. सोलापूर जिल्ह्यात मात्र सर्वाधिक पाऊस सप्टेंबरात, उत्तरा-हस्त नक्षत्रांत पडतो, आणि जुलै-ऑगस्टमध्ये पावसाची उघडीप ही नित्याची गोष्ट. तेव्हा मृग-आर्द्रात रोप लावले, तर त्या उघडिपीतील पाण्याची सोय आधी ठरलेली असावी.

या सर्व विवेचनावरून विश्वस्तांपुढे आणि आपणा सर्वांपुढे मी चार नम्र सूचना ठेवतो. पहिली, आधी जागा पाहावी, मग जात निवडावी. रोपवाटिकेत जे उपलब्ध आहे ते लावण्याची पद्धत सोडावी. दुसरी, उंच रोपाचा मोह धरू नये. प्लॅस्टिकच्या पिशवीत फार काळ राहिलेल्या रोपाचे मूळ तळाशी गुंडाळलेले असते आणि ते पुढे खोल जात नाही. सरळ मुळाचे लहान रोप, किंवा बाभूळ-बोरीच्या बाबतीत जागेवरच टोकलेले बी, बहुधा अधिक तग धरते. तिसरी, प्रत्येक रोपाचे पालकत्व एका कुटुंबाने निदान तीन उन्हाळ्यांसाठी घ्यावे. खोडाभोवती काटेरी फांद्यांचे कुंपण, आळ्यात पालापाचोळ्याचे आच्छादन आणि आठवड्यातून एकदा खोल मुरेल असे पाणी, इतके पुरे. रोज ओंजळभर पाणी दिल्याने मुळे वरच राहतात आणि पाणी देणारा आठ दिवस गावी गेला की रोप कोमेजते.

चौथी सूचना सर्वांत महत्त्वाची. या झाडांची एक वही असावी. आपल्यात व्यापारी आहेत, बागायतदार आहेत. किती भांडवल घातले यापेक्षा किती शिल्लक राहिले, हे पाहण्याची आपल्याला सवय आहे. अक्षय्य तृतीया ऐन उन्हाळ्यात येते. त्या दिवशी दर वर्षी मोजणी व्हावी आणि मेलेल्या रोपाचीही नोंद व्हावी : जात कोणती, जागा कोणती, कशाने गेले. जे रोप मेले, ते त्या जागेविषयी काही सांगून गेलेले असते. तीन-चार वर्षांच्या नोंदींतून आपल्या गावापुरते असे ज्ञान हाती येईल, जे कोणत्याही ग्रंथात मिळणार नाही, आणि शेजारच्या गावांनाही त्याचा उपयोग होईल.

पन्नास खड्डे एका सकाळी खणून होतात. त्यांतून दहा वर्षांनी पस्तीस झाडे सावली देत असतील, तर तो पुरुषार्थ मोठा आहे, आणि उरलेल्या पंधरा जागी पुन्हा लावणी झाली असेल, तर संकल्प पूर्णत्वास गेला असे म्हणता येईल. या संस्थेने पन्नास वर्षांत विद्यार्थ्यांना, गरजूंना आधार दिला, तो एका दिवसाच्या समारंभाने दिला नाही, वर्षानुवर्षांच्या नित्य सांभाळाने दिला. तोच सांभाळ या पन्नास रोपांच्या वाट्यास यावा, अशी प्रार्थना करतो आणि आपली रजा घेतो.